होयबा

आडनाव गायधनी आणि धंदा ट्रकच्या वायरिंगचा, हे ऐकून नाशकातली जुनी माणसं अजूनही एकदा वळून बघतात. गायधन्यांनी रामकुंडावर बसावं, यात्रेकरूंचे विधी सांगावेत आणि दुपारी घरी येऊन वामकुक्षी करावी, अशी घरातली रीत. ढुंढिराजने ती मोडली. मुंजीत शिकलेलं सगळं त्याला पाठ होतं, नाही असं नाही. पण घरातल्या रेडिओचं पोट उघडून बसला की त्याला जेवणाखाण्याचं भान राहत नसे. काकालोकांनी त्याला आधी समजावलं, मग बोल लावले आणि शेवटी नाद सोडला. एका चुलत्याने तर भर पंक्तीत सांगून टाकलं, की आमचा ढुंढिराज आता इंजिनाला गंध लावणार आणि सायलेन्सरची आरती करणार. पंगत हसली. ढुंढिराजने मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली.

नाशकातल्या द्वारकेच्या चौकातून आग्रा रोडने थोडं पुढे गेलं, की ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाळ्यांची रांग लागते. तिथल्या कोपऱ्यातल्या गाळ्यात तो अर्धं आयुष्य बसला आहे. पंजाबकडचे ड्रायव्हर पहिल्यांदा आले तेव्हा पाटीवरचं नाव वाचून त्यांना वाटलं, हे धंद्याचंच नाव असणार. फॉल्ट ढूँढतो तो ढुंढिराज. नाव गणपतीचं आहे, असं त्याने एक-दोघांना सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि 'ढूँढीजी'च म्हणत राहिले. मराठी ड्रायव्हरांचा तो धुंडीकाका झाला, आणि दिंडोरीकडच्या मालकलोकांचा, पूजा सांगणाऱ्यांच्या घरातला म्हणून, गुरुजी.

पूर्वी त्याचं काम सोपं होतं असं कुणी समजू नये, पण ते उघड होतं. हॉर्न वाजत नाही, हेडलाइट लागत नाही, स्टार्टर घेत नाही. दुखणं कुठेही असलं तरी बोंब समोर असायची. मग नव्या गाड्या आल्या. यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक जाडजूड डबा असतो, तो फिल्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. इंजिनाची काजळी तिच्यात अडकते आणि मागून जो धूर निघतो तो डोळ्याला दिसतही नाही. डब्याच्या अलीकडे-पलीकडे सेन्सर बसवलेले. कुणी दाब मोजतो, कुणी उष्णता मोजतो, आणि मोजलं ते वायरीतून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवत राहतो. डबा भरत आला की कॉम्प्युटर ड्रायव्हरसमोर पिवळा दिवा लावतो. म्हणजे आता गाडी एका जागी उभी करा, इंजिन चालू ठेवा, आणि आतली काजळी जळून जाईपर्यंत स्वस्थ बसा. सायलेन्सर तेव्हा असा तापतो की जवळ उभं राहवत नाही. ड्रायव्हर पडले कुंभमेळ्याच्या गावचे. त्यांनी या प्रकाराला धुनी नाव दिलं. गाडी धुनीला बसलीय, असं सांगून ते टपरीवर चहा प्यायला जात. दिव्याकडे काणाडोळा केला आणि धुनी टाळली, तर कॉम्प्युटर गाडीचा जोर काढून घेतो. मग एवढा मोठा ट्रक रस्त्याने मुंगीच्या पावलाने सरकतो आणि मागचे गाडीवाले ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरतात.

दिंडोरीच्या चिमाजीला हे पटणं शक्यच नव्हतं. हंगामात त्याच्या ट्रकमधून द्राक्षं सुरतेला जात, आणि द्राक्षाला वाट बघणं माहीत नाही. एकदा भर उन्हात ट्रक धुनीला बसला, माल उशिरा पोचला आणि तिकडच्या व्यापाऱ्याने पेटी उघडून नाक मुरडलं. चिमाजी तडक गाळ्यावर आला.

"गुरुजी, ती भानगड काढून टाका," तो म्हणाला. "माझी गाडी काय साधू हाय का, धुनी लावून बसायला?"

अशी भानगड काढून घेणारा चिमाजी काही पहिला नव्हता. डबा कापून आतली जाळी काढून टाकायची आणि डबा पुन्हा झाळून टाकायचा. बाहेरून काही कळत नाही. पण सेन्सर गप्प बसत नाहीत. त्यांच्यासाठी काडेपेटीएवढी एक काळी डबी मिळते. सेन्सरच्या वायरी तोडून ती मध्ये बसवायची. कॉम्प्युटर विचारतो, दाब किती? डबी सांगते, ठीक. उष्णता किती? ठीक. गाडी चालू असो, चढावर असो, जळून जात असो, डबीचं आपलं एकच उत्तर. ढुंढिराजने हे समजावून सांगितलं तेव्हा चिमाजी पोट धरून हसला. हा तर आमच्या पंचायतीतला मेंबर झाला, म्हणाला, काय बी विचारा, होय बा. त्या दिवसापासून डबीचं नाव होयबा पडलं आणि गाळ्यांच्या सगळ्या रांगेत तेच चालू झालं.

हे कायद्यात बसत नाही, हे ढुंढिराजला माहीत होतं. चिमाजीलाही माहीत होतं. द्वारकेच्या चौकात रुमाल नाकाला लावून सिग्नलची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, पण तो चौक ओलांडला की रुमाल खिशात जातो आणि विषय संपतो. आपण नाही केलं तर शेजारचा गाळेवाला करेल, असं ढुंढिराजने स्वतःला सांगितलं. जगातली बरीचशी कामं याच एका वाक्यावर चालतात. पहिला होयबा बसवताना त्याच्या मनाला लागलं. पुढे ते अंगवळणी पडलं.

आता घराचं सांगायला हवं. हिरावाडीत तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे, इमारतीला लिफ्ट नाही. बायको गोदावरी गेली, त्याला तिसरं वर्ष चालू आहे. ती होती तोवर नवऱ्याने बोलायची गरजच नव्हती. दोघांचं ती एकटी बोले. गॅलरीत तिने कुंड्या लावल्या होत्या. तुळस, मोगरा, गवती चहा, कढीपत्ता. त्यांच्याशीही बोले. ती गेल्यावर घर खायला उठलं. माणसं हे सहज बोलून जातात, ढुंढिराजही पूर्वी बोलला असेल. पण त्याचा अर्थ त्याला आता कळला. कुकरची शिट्टी नाही. बाथरूममध्ये टॉवेलाचे दोन खिळे आणि टॉवेल एक. संध्याकाळी दार उघडलं की आतून कुणी, आलात का, म्हणत नाही, आणि तरी रोज ते ऐकायला कान टवकारले जातात. त्याचा त्याला फार त्रास होई.

म्हणून तो गाळ्यावर रेंगाळू लागला. आधी दुपारची झोप तिथे, मग एखादी संध्याकाळ. मग एक लोखंडी खाट आली. त्यात पुन्हा जिन्याची कटकट सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत श्वास पुरेना. शेजाऱ्यांच्या चपलांच्या स्टँडवर बसून तो बुटाची लेस बांधल्यासारखं करी, आणि त्याच्या पायात तर चपलाच असत. डॉक्टरकडे जायचं त्याच्या जिवावर आलं. डॉक्टर काहीतरी सांगणार, मग ते कुणाला तरी सांगावं लागणार. त्यापेक्षा जिना न चढलेला बरा. दिवाळीनंतर तो कपडे आणायला तेवढा घरी जाई, पुढे तेही थांबलं. बॅटऱ्यांच्या ढिगाशेजारी दोरीवर दोन शर्ट वाळत असत आणि त्याचा संसार तेवढ्यात मावत होता.

मुलगी यशश्री बंगळूरला असते. नोकरी मोठी, नवरा विहंग चांगला, आणि ऑफिसातून घरी जायचा रस्ता लांबच लांब. त्या रस्त्यात गाडी अडकली की ती वडलांना फोन करी. रोज, न चुकता. बाबा, ठीक ना? ठीक. जेवण? पिठलं टाकलंय. आईच्या कुंड्या? मोगऱ्याला कळ्या आल्यात. बरं, छान, सिग्नल सुटला, ठेवते हं. हे सगळं तो खाटेवर बसून सांगत असे, समोर टपरीवरून आणलेला वडापाव ठेवून. बाहेर एखाद्या ट्रकने हॉर्न दिला आणि तिने विचारलंच, तर टीव्ही लावलाय म्हणून सांगे.

तो खोटारडा माणूस नव्हता. गोदावरी गेली तेव्हा यशश्री महिनाभर येऊन राहिली होती आणि त्या महिन्यात तिचं तोंड एवढंसं झालं होतं. ते त्याला पुन्हा बघायचं नव्हतं. हे एक कारण, आणि ते तो स्वतःला सांगे. दुसरं तो सांगत नसे. ती 'इकडे या' म्हणेल याची त्याला भीती वाटे, आणि म्हणणार नाही याची त्याहून जास्त वाटे. विचारच होऊ नये म्हणून तो सगळं ठीक ठेवत होता.

तो गाळ्यात राहतो हे एकट्या निजामला माहीत होतं. निजाम चिमाजीच्या ट्रकवर ड्रायव्हर, मालेगावचा. बायकापोरं तिकडे आणि हा सदा रस्त्यावर. एकेकाळी ट्रकवर क्लीनर असे. शिव्या खायला आणि गप्पा मारायला जोडीला कुणीतरी असे. आता क्लीनर परवडत नाही म्हणून मालकांनी ती जागाच रद्द केली आणि ड्रायव्हर एकटे पडले. माल भरायची वाट बघत निजाम केबिनमध्ये झोपे, आणि सकाळी दोघं एकाच टपरीवर चहा पीत. बोलणं फार नसे. तरी ज्या सकाळी निजाम नसे, त्या सकाळी ढुंढिराज चहा अर्धा टाकून देई.

फेब्रुवारीत हंगाम ऐन भरात आला. एका सकाळी निजाम चहाला आला तोच वैतागलेला. गाडीला जळक्या ऑइलचा वास येतो, म्हणाला, आणि चढावर दम राहिला नाही. शेठला सांगितलं तर शेठ म्हणतो दिवा लागला का? नाही ना? मग गाडीला काय बी झालेलं नाय, तूच लय नाजूक झालास.

ढुंढिराजने लॅपटॉप काढला, ट्रकला जोडला आणि स्क्रीन बघितली. दाब ठीक. उष्णता ठीक. सगळ्या ओळी हिरव्या. वास त्याच्याही नाकाला आला होता. ऑइल जळल्याचा वास ओळखायला त्याला लॅपटॉप लागत नव्हता, पण समोर हिरवं दिसत असताना नाकावर कोण विश्वास ठेवतो?

"ठीक आहे," तो म्हणाला.

"पक्का ना काका?"

"अरे, कॉम्प्युटर सांगतोय."

निजामने मान डोलावली आणि दिंडोरीला माल भरायला गेला. आता इथे कपाळावर हात मारून घ्यावा अशी गोष्ट आहे. कॉम्प्युटरला ते कोण सांगत होतं? ढुंढिराजने स्वतःच्या हाताने बसवलेली डबी सांगत होती. दाब किती, विचारलं त्याने. ठीक, म्हणाली ती. आणि बसवणाऱ्यानेच तिच्या शब्दावर भरवसा ठेवला. लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता फेकता त्याच्या डोळ्यांत कधी गेली, ते त्याला कळलंही नाही. ट्रक दृष्टीआड होईपर्यंत तो टपरीवर निवांत उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी निजामचा फोन आला. वणी सोडून सुरगाण्याकडच्या घाटात गाडी बंद पडली होती. शेठ फोन उचलत नाही, म्हणाला, काका, तुम्ही येता का? आवाज असा होता की ढुंढिराजने काय झालं हे विचारलंही नाही. शटर ओढलं, हत्यारांची पिशवी घेतली आणि निघाला. वणीपर्यंत एस.टी.ने, तिथून पुढे काळी-पिवळी जीपने. जीपमध्ये सुरगाण्याकडची माणसं होती, द्राक्षाच्या कामावरून घरी निघालेली, एकमेकांच्या मांडीवर पिशव्या ठेवून हसत-बोलत. एका म्हातारीने त्याला सरकून जागा दिली आणि कुठल्या गावचे, म्हणून विचारलं. नाशिक, तो म्हणाला. घरी कोण कोण? त्याने खिडकीबाहेर बघितलं आणि सगळे आहेत, असं सांगितलं.

घाटाच्या एका वळणावर ट्रक उभा होता. शेजारचं गवत मोठ्या पट्ट्यात जळून काळं पडलं होतं. निजाम कठड्यावर बसला होता, उजवा हात कोपरापर्यंत ओल्या गमछ्यात गुंडाळलेला. इंजिनात हवा भरणाऱ्या टर्बोची सील गेली होती. कितीतरी दिवस ऑइल सायलेन्सरच्या वाटेत उतरत होतं आणि त्या रिकाम्या डब्यात साचत होतं. चढावर डबा तापला आणि ते ऑइल पेटलं. निजामला आरशात धूर दिसला तेव्हा त्याने गाडी कडेला घेतली, आणि कडेला वाळलेलं गवत होतं. त्याने पाण्याचे कॅन ओतले, ताडपत्रीने बडवलं, पाड्यावरच्या बायका निरगुडीचे फाटे घेऊन धावत आल्या म्हणून आग थांबली. डब्याला हात कधी लागला ते त्याला आठवत नव्हतं. डब्यात जाळी असती तर ती ऑइलने तुंबली असती, दाब वाढला असता, आणि कितीतरी आधी कॉम्प्युटरने दिवा लावून गाडीचा जोर काढून घेतला असता. सेन्सर बिचारे सांगत होतेच. ऐकणाऱ्यापर्यंत ते पोचू दिलं नव्हतं, एवढंच.

 ढुंढिराज निजामचा हात बघायला वाकला. निजामने हात मागे घेतला. रागाने नव्हे, दुखत होता म्हणून.

"काका, तुम्ही पाह्यलं होतं ना," निजाम म्हणाला. "तुम्हीच ठीक बोलले होते."

 त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ढुंढिराज ट्रकखाली शिरला, धापा टाकत, आणि काळी डबी शोधून तिच्या दोन्ही बाजूंच्या वायरी तोडल्या. सेन्सरच्या वायरी जशा होत्या तशा जोडल्या. मग केबिनमध्ये चढून किल्ली नुसती फिरवली. डॅशबोर्डवर एकदम सगळे दिवे लागले. पिवळे, लाल, एकही मागे राहिला नाही. निजाम दारातून बघत होता.

"आता बोलली बिचारी," तो म्हणाला.

दोघं कठड्यावर बसले. ट्रक टोचन करून ओढून न्यायला गाडी यायची होती. ऊन उतरलं, खाली दरीत पाड्यांवरच्या चुली पेटू लागल्या, आणि ढुंढिराजच्या खिशात फोन वाजला. यशश्रीची वेळ झाली होती.

बाबा, ठीक ना? ठीक. जेवण? पिठलं टाकलंय. आणि कुंड्या? मोगरा चांगला आहे. वारा कसला येतोय हो? गॅलरीत उभा आहे. छान, ठेवते हं. त्याने फोन खिशात टाकला. समोर जळका ट्रक, पायाशी काळं गवत, हाताला ऑइल. शेजारी निजाम त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"काका," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात, "तुमच्यात पण होयबा बसवलाय."

तो चेष्टा करत नव्हता. केली असती तर ढुंढिराजने हसून वेळ मारून नेली असती.  त्याचे डोळे भरून आले आणि ऑइलच्या हाताने त्याने ते पुसले, त्यामुळे आणखी चुरचुरले. निजामने दुसरीकडे तोंड फिरवलं. 

चिमाजीने दुसऱ्या दिवशी गाळ्यावर येऊन बराच वेळ तोंडसुख घेतलं. मग निजामचा हात बघितला आणि खाली बसला. गाडीला फिल्टर पुन्हा बसणार, धुनी लागणार, आणि माझ्या हातून इथून पुढे होयबा बसणार नाही, असं ढुंढिराजने त्याला सांगून टाकलं. म्हंजी बाजूच्याकडून बसवून घेऊ व्हय, असं चिमाजी म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. निजामला त्याने स्वतःच्या मोटरसायकलवर बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं.

ते गेल्यावर ढुंढिराजने दोरीवरचे शर्ट काढले, पिशवीत भरले आणि शटर ओढून हिरावाडीला निघाला. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर श्वास संपला, तेव्हा चपलांच्या स्टँडवर बसला आणि या वेळी लेस बांधायचं नाटक केलं नाही. शेजारीण बाहेर आली, पाणी देऊ का म्हणाली, त्याने हो म्हटलं. मग उरलेला जिना चढला.

दार उघडलं तेव्हा त्याने सवयीने कान टवकारले. आत धुळीचा वास होता. तो सरळ गॅलरीत गेला. तुळशीच्या काड्या राहिल्या होत्या. गवती चहा पिवळा होऊन आडवा पडला होता, कढीपत्ता खराट्यासारखा उभा. आणि मोगरा, ज्याला तो रोज कळ्या आणत होता, त्याच्या फांदीला हात लावला तर कट्कन मोडली. गोदावरी गेली तेव्हा सगळी घरात होती म्हणून त्याला नीट रडता आलं नव्हतं. आज घरात कुणी नव्हतं. तो मोगऱ्याच्या कुंडीशेजारी खाली बसला आणि रडला. सगळं ठीक आहे असं तो इतकं म्हणत आला होता, की काय काय ठीक नव्हतं ते मोजायलाच त्याला वेळ लागला.

तिन्हीसांजा झाल्या. त्याने खुर्ची गॅलरीत ओढली आणि फोन हातात धरून बसला. एवढ्या वर्षांत किती ट्रकांचे फॉल्ट सांगितले असतील त्याने, मालकांच्या तोंडावर, न कचरता. पण आजचं वाक्य तो मनात पुन्हा पुन्हा घोळवत होता. फोन वाजला.

"बाबा, ठीक ना?"

"नाही," तो म्हणाला. "ठीक नाही, बाळा."

"छान. जेवण?"

त्याला वाटलं, आपणच नीट बोललो नाही. तो म्हणाला, यशू, मोगरा गेला, आईची सगळी झाडं गेली. पलीकडे हॉर्न वाजत होते. ती कुणाला तरी, अरे जा ना पुढे, म्हणाली. मग म्हणाली, बरं बाबा, सिग्नल सुटला, ठेवते हं, उद्या बोलू. आणि फोन बंद झाला.

तो फोनकडे बघत राहिला. राग कुणाचा करायचा? रोज एकच प्रश्न आणि रोज एकच उत्तर. तिच्या कानाला ऐकायचं कामच उरलं नव्हतं. त्याने बसवलेली डबी आता बंगळूरपर्यंत पोचली होती. अंधार पडत होता, समोरच्या इमारतीत एकेका खिडकीत दिवा लागत होता, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. पुन्हा फोन करावा असं त्याच्या मनात आलं. हात पुढे झाला आणि थांबला. एवढं बळ एकदाच गोळा झालं होतं. त्याने उठून तांब्या भरून आणला आणि मेलेल्या मोगऱ्याला पाणी घातलं. त्याचा काही उपयोग नाही, हे त्याला कळत होतं. पाणी वाळलेल्या मातीवरून वाहून कुंडीच्या कडेने खाली गळलं आणि फरशीवर पसरलं. ते पुसायला फडकं शोधत असताना फोन पुन्हा वाजला.

या वेळी मागे हॉर्न नव्हते. गाडीचा आवाजही नव्हता. तिने कुठेतरी कडेला घेऊन इंजिन बंद केलं असावं, कारण तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"बाबा," यशश्री म्हणाली. "मगाशी तुम्ही नाही म्हणालात का?"

ढुंढिराजने भिंतीला हात टेकला.

"होय," तो म्हणाला.